तात्यांच्या नंबरावर अख्खं घर

"मॅडम, नंबर माझा नाही, पण रिपोर्ट माझा आहे. तो मला कसा मिळेल तेवढं सांगा."

चाकणच्या एका हॉस्पिटलात, आमच्या हेल्प डेस्कसमोर उभी राहून ती बाई हे पुन्हा पुन्हा सांगत होती. काउंटरवरची आमची भारती तिला तितक्याच थंडपणे ऐकवत होती की सिस्टिममध्ये जो मोबाइल नंबर आहे, रिपोर्ट त्याच्यावरच जाणार. मी मागे खुर्चीत लॅपटॉप उघडून बसले होते. आमचं नवं ॲप तिथे सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, सगळे छान चाललंय म्हणत होते, आणि मी त्या दिवशी खरं तर कौतुक ऐकायला गेले होते. त्यामुळे आधी मला त्या बाईचा रागच आला. आपला नंबर आपल्याला नीट देता येऊ नये?

मी सॉफ्टवेअरवाली. पिंपळे सौदागरला आमचं छोटं ऑफिस आहे, खाली मिठाईचं दुकान आणि वर आम्ही. हॉस्पिटलांना लागणारी सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. पूर्वी कसं होतं, पेशंटची फाइल हॉस्पिटलची. ती कोण बघतं, कुणाला पाठवतं, याचा पेशंटला पत्ता नाही. रिपोर्ट लॅबमधून विमा एजंटाकडे, तिथून कंपनीच्या एचआरकडे, असा गावभर हिंडायचा. तुम्ही साखर तपासून घरी पोचायच्या आत मधुमेहाच्या काढ्याची जाहिरात तुमच्या फोनवर हजर.

हे बंद करायचं म्हणून आम्ही हे ॲप केलं. ज्याचं शरीर त्याचा रिपोर्ट, एवढी साधी गोष्ट. डॉक्टरांना तुमची माहिती बघायची असेल तर तुमच्या फोनवर विचारणा येते. तुम्ही 'हो' म्हटलं तर त्यांना दिसतं. उद्या मन बदललं तर 'हो' काढूनही घेता येतं. आणि 'कोणी पाहिलं' नावाचं एक पान आहे, त्यात तुमचे कागद कुणी उघडले ते नावानिशी दिसतं. आत सगळं कुलूपबंद असतं. आमच्या भाषेत त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर कपाट हॉस्पिटलचं आणि किल्ली पेशंटच्या फोनमध्ये. आमच्याकडे डुप्लिकेट किल्ली नाही. मी म्हटलं तरी मला ते कपाट उघडता येत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत एका मशीन ऑपरेटरने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी नको म्हणलं तर मोठ्या डॉक्टरला पण दिसणार नाय?" नाही म्हटलं. त्याने मुद्दाम 'नको' दाबलं आणि आत जाऊन डॉक्टरांना उघडून बघायला लावलं. त्यांना काही दिसेना. मग स्वतःच हसत 'हो' दाबलं. बाहेर येताना त्याची चाल बदललेली होती. इतकी वर्षं मी कोड लिहितेय, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. आपण काहीतरी मोठं केलंय असं मला खरोखर वाटलं.

तर आता ही बाई. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं, बसवलं.

तिचं नाव सारिका. गाडीच्या वायरींचे जुडगे बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. सेकंड शिफ्टला जायच्या आधी आली होती, म्हणून अंगावर युनिफॉर्म आणि गळ्यात आयकार्ड. सासर दिघीचं, जुन्या गावठाणातलं. पूर्वी शेती होती, आता त्याच जमिनीवर चाळी आणि गाळे आहेत. भाऊ सगळे एकत्र, चूल एक. आणि सिस्टिममध्ये तिच्या नावापुढे जो नंबर होता तो तिच्या थोरल्या दिरांचा, तात्यांचा.

तो तिथे कसा आला ते तिने सांगितलं आणि मी कपाळाला हात लावला. गावठाणात मंदिराच्या सभामंडपात हॉस्पिटलने शिबिर घेतलं होतं. तिथेच आमच्या ॲपची नोंदणी झाली. घरातली सगळी माणसं रांगेत उभी राहिली, आणि तात्यांनी टेबलापाशी खुर्ची टाकून सगळ्यांसाठी एकच नंबर सांगितला, आपला. नोंदणी करणाऱ्यांनाही बरंच वाटलं. एकदा टाइप केलं की झालं.

त्या घरात हे नवं नव्हतं. गॅस तात्यांच्या नंबरावर. बँका तात्यांच्या नंबरावर. पोरांच्या शाळा, लाइट बिल, सगळं तिथेच. ओटीपी म्हणजे खात्री करून घ्यायला फोनवर येणारा तात्पुरता आकडा. घरातल्या कुणीही कुठेही काही केलं की तो आकडा तात्यांच्या खिशात वाजायचा. मग सुना, पुतणे, भाऊ, जो तो फोन करायचा, तात्या, आत्ता आलेला नंबर सांगा. तात्या चष्मा लावून सांगायचे. वाटेत असले तर गाडी बाजूला घेऊन सांगायचे. सगळ्यांनाच ते सोयीचं होतं आणि तात्यांना ते आपलं कर्तव्य वाटायचं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक माणूस, एक मोबाइल असं धरून चालतो. ते आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की कुणी त्यावर चर्चासुद्धा केली नव्हती. म्हणजे पेशंटला किल्ली द्यायची म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला आणि त्या अख्ख्या घराच्या किल्ल्या आम्ही स्वतःच्या हाताने एका माणसाच्या जुडग्यात ओवल्या.

"पण तात्या सांगतील की तुम्हाला," मी म्हटलं. "वाईट आहेत का ते?"

"नाही हो," ती पटकन म्हणाली. "तात्यांसारखा माणूस नाही. तेच तर."

मग तिने सगळं सांगितलं. छातीत गाठ हाताला लागली होती. कंपनीच्या तपासणीला म्हणून आली होती, तेव्हा इथल्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला होता. घरी कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो त्याच पावली तात्यांकडे गेला असता. तो रिपोर्ट त्या दिवशी दुपारी यायचा होता.

आणि सासूबाईंचं झालेलं होतं. त्यांनाही असाच आजार निघाला होता. तात्यांनी डॉक्टरांशी एकट्याने बोलून घेतलं आणि घरात सगळ्यांना बजावलं, आईला कळता कामा नये, ती हाय खाईल. सगळ्या गावठाणाला माहीत, भाजीवालीला माहीत, फक्त ज्या बाईला आजार झाला होता तिला माहीत नाही. सारिका स्वतः सासूबाईंना ॲसिडिटीच्या म्हणून गोळ्या द्यायची. सगळ्यांनी हे प्रेमापोटीच केलं, हे तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

"त्या शेवटपर्यंत मलाच विचारायच्या, सारिके, खरं सांग, मला काय झालंय," ती म्हणाली. "मी खोटं हसायचे. मॅडम, माझं जे काय असेल ते मला आधी कळू द्या. मला एकटीला रडून घ्यायचं असेल तर घेऊ द्या. मग मी सांगेन सगळ्यांना."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

आता तुम्ही म्हणाल, नंबर बदलायला काय लागतं? लागतं. नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरावर ओटीपी जातो. चोराने परस्पर नंबर बदलू नये म्हणून ही सोय. म्हणजे तात्यांना चुकवून नंबर बदलायचा तर आधी तात्यांनाच विचारायचं. ही पायरी मी मीटिंगमध्ये भांडून ठेवून घेतली होती. कितीही चांगला विचार केला तरी माणसाचं घर आपल्या डोक्यात मावत नाही, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

मी अनिरुद्धला फोन लावला. अनिरुद्ध म्हणजे आमच्या कंपनीचा मालक, माझा बॉस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मंजिरी, मागच्या दाराने नंबर बदलता येणार नाही. आपण मागचं दार ठेवलेलंच नाही."

"बनव ना मग. सर्व्हरवर बसून एवढं एक करता येत नाही का?"

"आज तिच्यासाठी केलं तर उद्या कुठल्या तरी कंपनीच्या एचआरसाठी करावं लागेल. मग आपण लोकांना जे सांगतोय ते खोटं."

तो बरोबर बोलत होता म्हणून मला त्याचा आणखी संताप आला. तुझं तत्त्व तुझ्याजवळ ठेव, असं मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्याने मनाला लावून घेतलं नाही. आमचं असं चालतं.

मग मी डॉक्टरांकडे धावले. रिपोर्ट थोडा थांबवता येईल का विचारलं. ते म्हणाले, लॅब बाहेरची आहे, तिथल्या डॉक्टरांनी सही केली की तो आपोआप पेशंटच्या नंबरावर जातो, मध्ये कुणीच नाही. पेशंटच्या आधी कुणाच्या हातात पडायला नको, हा तुमचाच हट्ट होता ना मॅडम, असंही ते हसत म्हणाले. टोमणा नव्हता तो, पण मला झोंबला.

परत आले तर तिसरीच भानगड. मी काहीतरी मार्ग काढतेय असं धरून भारतीने तिच्या सवयीप्रमाणे 'नंबर बदला' दाबून ठेवलं होतं. तिला कुणी थांबवलं नव्हतं, तेव्हा तिला तरी काय बोलणार. दिघीला तात्यांच्या खिशात मेसेज पोचला होता, की सारिका यांचा मोबाइल नंबर बदलण्याची विनंती आली आहे, खालील आकडा सांगा. त्यांनी लगेच हेल्पलाइनला फोन केला, कुठून आली विनंती ते विचारलं, आणि चाकण म्हटल्यावर तसेच निघाले.

सारिका उठून उभी राहिली. जाते म्हणाली, शिफ्टला उशीर होतोय. मग म्हणाली, जाऊन तरी काय करू, रिपोर्ट तर त्यांच्याच फोनवर येणार. आणि पुन्हा बसली. मी तिच्याजवळ बसून राहिले. पुणे-नाशिक रोडला तुफान ट्रॅफिक लागू दे, तात्या मोशीलाच अडकू देत, असं काहीतरी मी मनात म्हणत होते. एवढी शिकलेली बाई आणि भरवसा कशावर, तर कांद्याच्या ट्रकांवर.

तात्या आले. उंच, पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, हातात तो फोन. मी भांडणाच्या तयारीत उभी राहिले. सारिकाही उठली. युनिफॉर्मवर पदर कुठला, तरी तिचा हात डोक्याकडे गेला आणि परत खाली आला.

तात्यांनी मला आणि भारतीला नमस्कार केला. मग विचारलं, नंबर कोण बदलतंय.

"मी बदलतेय, तात्या," सारिका म्हणाली. "माझा रिपोर्ट यायचाय. तो मला आधी बघायचाय."

"कसला रिपोर्ट?"

ती म्हणाली, "माझा."

एवढं एकच. आवाज चढवला नाही, रडली नाही. लग्न झाल्यापासून ज्यांच्यासमोर मान वर केली नाही त्यांच्याकडे सरळ बघत होती. तात्या खुर्चीत बसले. फोन त्यांनी समोर टेबलावर ठेवला. आणि तेवढ्यात तो वाजला.

मला पलीकडून वाचता आलं. म्हाताऱ्या माणसांना दिसावं म्हणून अक्षरं मोठी ठेवायला मीच सांगितलं होतं. 'सारिका यांचा रिपोर्ट आला आहे.' खाली मोठं निळं बटण, 'उघडा'. तात्यांचा अंगठा त्या बटणाच्या अगदी वर होता. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचा मला अधिकार काय? फोन त्यांचा, नंबर त्यांचा, आमच्या सिस्टिमच्या मते किल्लीही त्यांची.

तात्यांनी ओठ हलवत मेसेज वाचला. मग अंगठा मागे घेतला. बाहेर कुणीतरी कुपन नंबर पुकारत होतं.

"आईला आमी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. ते आमच्यापैकी कुणाशी बोलत होते कळेना. "शेवटाला ती मला म्हनली, तात्या, तू तरी खरं बोल. मी फोन आल्याचं निमित्त केलं नि भायेर गेलो."

सारिकाने मान खाली घातली. तात्यांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि बोटाने तिच्याकडे सरकवला.

"ह्ये तुझं हाय. कसं काढून घ्यायचं ते घे."

भारतीने पुन्हा 'नंबर बदला' दाबलं. पालथ्या फोनमध्ये ओटीपी वाजला. इतकी वर्षं तो आकडा तात्याच वाचून दाखवत आले होते, त्यामुळे आम्ही सवयीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी फोनला हात लावला नाही. तूच बघ, म्हणाले. सारिकाने फोन उचलला, आकडा वाचला, आपल्या फोनमध्ये घातला. तात्यांच्या फोनवरच्या यादीतून तिचं नाव गेलं आणि तिच्या फोनवर आलं. त्यासोबत तो रिपोर्टही गेला. तिच्या हातातला फोन वाजला.

मी थक्क झाले होते. हा सगळा कोड मी ओळीओळीने ओळखते. पण किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाते म्हणजे काय होतं, हे मी तोवर कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

सारिका फोन घेऊन जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. आम्ही तिघांनीही मुद्दाम दुसरीकडे बघितलं. तात्या खिडकीबाहेर बघत बसले. मग त्यांनी मला फोन दाखवून विचारलं, ही बाकीची नावं कशाला आहेत. मी सांगितलं, ती तुमच्या घरातली माणसं, त्यांचंही सगळं तुम्हाला दिसतं. त्यांना खरं वाटेना. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, मी कुणाचं काही उघडून बघितलं असलं तर ते कळतं का?

कळतं, म्हटलं, आणि त्यांच्याच फोनवर 'कोणी पाहिलं' हे पान उघडून दिलं. एकेका नावाखाली बघत गेलो. डॉक्टरांची नावं होती, नर्सचं होतं. तात्यांच्या फोनवरून काहीच उघडलेलं नव्हतं. अख्ख्या घराच्या किल्ल्या या माणसाच्या खिशात होत्या आणि तो एकाही खोलीत डोकावला नव्हता. काही आलं की ज्याचं त्याला सांगायचे, तुझं कायतरी आलंय म्हणून, आणि विषय संपला.

"पर ह्यो उघडला असता," तात्या हळूच म्हणाले. "खोटं का बोलू. ह्यो मेसेज घरी आला असता, तर उघडला असता नि तिला सांगितलं नसतं."

माझ्या ओळखीत एवढं खरं बोलणारी माणसं फार नाहीत, आणि त्यात मी स्वतःलाही धरतेय.

सारिका परत आली. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, आणि मी वाचायचा प्रयत्नही केला नाही. माझी शिफ्ट तर गेली, म्हणाली, तात्या, मला घरी सोडाल का? तात्या उठले. त्यांनी तिला काही विचारलं नाही. गाडीत ती रिवाजाप्रमाणे मागे बसली. फोन तिने दोन्ही हातांत धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा मला फोन आला. बाकीच्यांचंही ज्याचं त्याला करून टाकायचं, रविवारी गावात या, म्हणाले. मी भारतीला घेऊन गेले. तोच सभामंडप. सगळं घर सतरंजीवर बसलेलं, बायका एका बाजूला, पोरं खांबांशी. मला वाटलं, नेहमीप्रमाणे तात्या टेबलाशी बसून आज्ञा देणार. पण त्यांनी उभं राहून सांगितलं, की आज वाटणी आहे.

तिकडच्या घरांत जमिनीच्या वाटणीची एक रीत आहे. वाटे थोरल्याने पाडायचे आणि पहिला उचलायचा तो सगळ्यांत धाकट्याने. थोरल्याने लबाडी केली तर त्याच्याच वाट्याला उरलंसुरलं येतं, म्हणून वाटे सरळ पडतात. तात्यांनी तीच रीत लावली. सगळ्यांत धाकट्या सुनेला पहिलं बोलावलं. ती लाजत पुढे आली. तात्यांनी आपला फोन तिच्या हातात दिला, तिनेच ओटीपी वाचला, आपल्या फोनवर आपलं नाव घेतलं, आणि तात्यांचा फोन पालथा करून परत ठेवला. पालथा ठेवायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे सगळेही तसंच करत गेले.

फोन न वापरणारी एक म्हातारी आत्याबाई होती. तिचं तात्यांकडेच राहू द्या, असं कुणीतरी म्हणालं. तात्या म्हणाले, तिला इचारा. आत्याबाईंनी सगळ्या मांडवावरून नजर फिरवली, अगदी सावकाश, आपल्याला कुणी असं कधी विचारलंय का असा चेहरा करून. मग सारिकाकडे बोट दाखवलं. माझं हिच्याकडं ठेवा, म्हणाल्या, ही मला खरं सांगंल.

कुणी हसलं नाही. सारिका उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि गावाला त्याचं स्पष्टीकरण देत बसायची माझी इच्छा नव्हती.

शेवटी तात्यांच्या फोनवर तात्यांचंच एक नाव उरलं. त्यांनी ते निरखून बघितलं. आता हा माझ्या एकट्याचा झाला, म्हणाले, आणि फोन खिशात टाकला. मग चहा झाला. चहा पिताना ते सवयीने मधूनमधून खिसा चाचपत होते, पण फोन काही वाजला नाही. त्यांना जरा चुकल्यासारखं होत असणार, आणि ते स्वाभाविकच होतं.

ऑफिसात परत आल्यावर मी आणि अनिरुद्धने ती ओटीपीची पायरी मोडून टाकली. आता नंबर बदलायचा तर जुन्या फोनला विचारत नाही. माणूस स्वतः समोर येतो, ओळखपत्र दाखवतो, त्याला तपासणारे डॉक्टर ओळख पटवतात, आणि मग त्याच्या फोनमध्ये नवी किल्ली बनते, पुढचे रिपोर्ट तिनेच उघडतात. जुन्या फोनवर वाजत काहीच नाही. काम वाढलं, भारती कुरकुरते. मागचं दार मात्र आम्ही आजही ठेवलेलं नाही. अनिरुद्ध ते मला अधूनमधून ऐकवतो आणि मी ऐकून घेते.

काही महिन्यांनी मी त्याच हॉस्पिटलात गेले होते. पार्किंगमध्ये तात्यांची गाडी दिसली. काच खाली करून ते एकटेच बसले होते. मी जवळ जाऊन विचारलं, इकडे कुठे.

"सारिकाला घिऊन आलोय."

का, कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उन्हात कशाला बसलात, आत एसी आहे, एवढंच म्हटलं.

"तिनं मला सांगितलंय समदं. तिनंच सांगितलं, सोताहून," तात्या म्हणाले. जरा ताठ बसून म्हणाले. "पर आत तिनं बोलावलं तर जातो. तवर हितंच."

त्यांचा फोन डॅशबोर्डवर होता. सरळ ठेवलेला, आवाज पूर्ण मोठा केलेला. मी आत गेले. माझं काम आटपून काचेतून बाहेर बघितलं तेव्हा गाडी रिकामी होती.

त्या रिपोर्टमध्ये काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. सर्व्हर माझा, कोड माझा, तरी मला ते बघता येत नाही, आणि माझ्या सगळ्या नोकरीत मला याच गोष्टीचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो.

नोंदणीच्या पानावर आता मोबाइल नंबराखाली एक प्रश्न वाढवलाय. तो वाचून लोक हसतात, मग थांबतात, आणि बऱ्याचदा नंबर बदलून लिहितात. प्रश्न एवढाच आहे: हा मोबाइल कुणाच्या खिशात असतो?